मोजमाप बरोबर असूनही क्विल्टचे कोपरे का जुळत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ पंचेचाळिशी ओलांडलेले आहेत, फावल्या वेळात अनेक वर्षे लाकूडकाम करत आले आहेत आणि शिवणयंत्राला त्यांनी अलीकडेच पहिल्यांदा हात लावला आहे. क्विल्टसाठी, म्हणजे तीन थर एकत्र शिवून केलेल्या गोधडीसाठी, नऊ-नऊ चौकोनांचे काही ब्लॉक (एकमेकांना जोडायचे चौरस भाग) त्यांनी शिवले. प्रत्येक चौकोन पट्टी लावून काटेकोर कापला, तरीही कोपरे जुळत नाहीत आणि ब्लॉक मापात कमी भरतो. चूक कुठे होते, पुढे कोणते सामान घ्यावे, क्विल्टिंग, म्हणजे थर एकत्र शिवण्याचे काम, हाताने करावे की यंत्राने, आणि ज्या वर्गात बाकी सगळ्या स्त्रियाच आहेत तेथे जाड बोटांच्या, उशिरा शिकू लागलेल्या पुरुषाचा निभाव लागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

कोपऱ्यांपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्यातूनच निघतात. तुमच्या वर्णनावरून तुमचे कापणे बरोबर आहे असे दिसते, आणि लाकूडकाम करणाऱ्या माणसाला पट्टी धरायला शिकवावे लागत नाही, हा माझा शिकवण्यातला नेहमीचा अनुभव आहे. परंतु ऋतुमानाने पडणारा फरक सोडला, तर लाकडाचा कापलेला तुकडा जोडणीपर्यंत त्याच मापाचा राहतो. कापडाचा तसा राहत नाही. कापताना त्याचे एक माप असते, यंत्राखालून जाताना दुसरे होते आणि इस्त्रीखाली तिसरे. क्विल्टिंगमध्ये नेमके मापण्याचे काम थोडे आहे. मापलेले शेवटपर्यंत टिकवून धरण्याचे काम फार मोठे आहे, आणि तुम्हाला आता शिकायचे आहे ते हेच.

पहिला संशय नेहमी शिवणीच्या मायेवर, म्हणजे टिपेपासून कडेपर्यंत सोडलेल्या कापडावर, घ्यावा. क्विल्टच्या तुकड्यांमध्ये माया पाव इंचाची, म्हणजे तुमच्या भाषेत दोन सुतांची असते. ती अर्ध्या सुताने जास्त घेतली गेली, तर प्रत्येक शिवणीच्या दोन्ही बाजूंचे कापड अर्ध्या-अर्ध्या सुताने आत जाते आणि एका शिवणीमागे पूर्ण एक सूत कमी होते. नऊ चौकोनांच्या ब्लॉकमध्ये एका दिशेने दोन शिवणी येतात, म्हणजे ब्लॉक पाव इंचाने लहान झाला. असे चार ब्लॉक शेजारी जोडले की त्या ओळीत एकूण अकरा शिवणी होतात आणि ओळ एक इंच तीन सुतांनी कमी भरते. शिवाय प्रत्येक शिवणीवर चूक सारखीच होईल असेही नाही. एका ब्लॉकमध्ये ती अर्ध्या सुताची आणि शेजारच्यात शून्य असेल, तर ते दोन ब्लॉक कितीही टाचण्या लावल्या तरी जुळणार नाहीत.

यात आणखी एक बारकावा आहे, जो नवशिक्याला सहसा कोणी सांगत नाही. शिवण उलगडून इस्त्री केली की कापडाची घडी आणि धागा यांची जाडी थोडी जागा खाते. म्हणून प्रत्यक्ष टीप पाव इंचापेक्षा धाग्याच्या एका रुंदीएवढी आत, म्हणजे किंचित कमी मायेवर मारावी लागते. यंत्रावरची खूण किंवा पाव इंचाचे म्हणून मिळणारे फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा यंत्राचा भाग) यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, त्या एकमेकींना लांबीच्या बाजूने जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन इंच. मधली पट्टी कमी भरली तर माया जास्त जाते आहे. सुईची जागा सरकवून किंवा यंत्राच्या पृष्ठभागावर जाडसर चिकटपट्टीचा अडथळा लावून ती दुरुस्त करा आणि पुन्हा मोजा. हे जमेपर्यंत पुढचा एकही ब्लॉक शिवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कापड बदलले, धागा बदलला किंवा दुसऱ्या यंत्रावर बसलात, तर ही चाचणी पुन्हा करा.

दुसरे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. शिवणयंत्राचे दाते खालच्या बाजूला असतात आणि ते खालचे कापड मागे ढकलतात. वरच्या कापडावर मात्र फुटाचा दाब आणि घर्षण असते. त्यामुळे खालचा तुकडा किंचित लवकर सरकतो आणि वरचा मागे रेंगाळतो. शिवणीच्या शेवटी वरचा तुकडा थोडा लांब भासतो तो यामुळेच, आणि तो ताणून किंवा कापून बरोबर करण्याचा मोह होतो. त्याऐवजी जेथे शिवणी एकमेकींना छेदतात त्या प्रत्येक ठिकाणी आधी टाचणी लावा, दोन टाचण्यांच्या मधले कापड सपाट ठेवा, टीप हळू मारा आणि सुई जवळ येताच टाचणी काढून घ्या. कापड मागून ओढू नका. लाकडाला रंधा मारताना जो जोर लावता, तो येथे विसरावा लागेल. हाताचे काम केवळ दिशा देण्याचे आहे. टाक्याची लांबी दोन ते अडीच मिलिमीटर ठेवा.

तिसरे कारण इस्त्री, आणि माझ्या मते बहुतेक नवशिक्यांचे कोपरे येथेच बिघडतात. कपड्यांना करतो तशी पुढे-मागे सरकवत केलेली इस्त्री ओल्या, गरम कापडाला ताणते आणि चौकोनाचा पतंग होतो. इस्त्री उचलून ठेवायची, दाबायची, पुन्हा उचलायची. आधी शिवण न उलगडता टिपेवर दाब द्यावा, म्हणजे धागा कापडात बसतो, आणि मग वरचा तुकडा उलटून दोन्ही मायांना एकाच बाजूला पाडावे. वाफेचा वापर सुरुवातीला टाळलेला बरा.

माया कोणत्या बाजूला पाडायची याला महत्त्व आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन शिवणींच्या माया विरुद्ध दिशांना पाडल्या, तर त्यांचे उंचवटे एकमेकांना अडकतात आणि कोपरा बोटालाच लागतो. तुम्ही खाचेत जीभ बसवून फळ्या जोडता, तसेच हे अडकणे आहे. तुमच्या नऊ चौकोनांच्या ब्लॉकमध्ये ही गोष्ट विनासायास साधता येते. सुटे चौकोन कापण्याऐवजी कापडाच्या पूर्ण रुंदीतून साडेतीन इंचांच्या पट्ट्या काढा. एक जोडणी गडद, फिकट, गडद अशी करा आणि दुसरी फिकट, गडद, फिकट अशी. दोन्हींमध्ये माया गडद कापडाकडे पाडा. पहिल्या जोडणीत त्या बाहेरच्या बाजूला जातील आणि दुसऱ्या जोडणीत मधोमध येतील. आता या जोडपट्ट्या पुन्हा साडेतीन-साडेतीन इंचांवर आडव्या कापल्या, की तीन-तीन चौकोनांच्या तयार ओळी मिळतात आणि त्या एकमेकींवर ठेवताच शिवणी आपोआप अडकतात. तयार ब्लॉक साडेनऊ इंचांचा असावा, म्हणजे जोडल्यावर तो नऊ इंचांचा राहील. चार गुणिले चार ब्लॉक घेतले की ३६ इंच चौरस होतो, आणि पहिल्या क्विल्टसाठी यापेक्षा मोठे काही हाती घेऊ नये. पलंगभर क्विल्टने सुरुवात करणारे बहुतेक जण वरचा थर शिवून थांबतात. थर जोडणे, क्विल्टिंग करणे आणि कडेचा गोट लावणे ही अर्ध्याहून अधिक विद्या त्यांच्या वाट्याला येतच नाही.

कापडाच्या धाग्यांविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. उभा धागा, म्हणजे काठाला समांतर जाणारा ताणा, सर्वांत कमी ताणला जातो. आडवा बाणा थोडा अधिक. आणि तिरका, म्हणजे उरेब, सर्वांत जास्त. ही गोष्ट तुम्हाला लाकडाच्या रेषांमुळे लगेच उमगेल, आणि ज्यांना ती उमगते त्यांचे काम झपाट्याने सुधारते. कापण्यापूर्वी कापडाची घडी नीट पाहा: घडी धाग्याला सरळ नसेल, तर रुंदीतून कापलेली पट्टी उलगडल्यावर मधोमध कोन करून वाकते. काठ तेवढा कापून टाका, कारण त्याची वीण घट्ट असते आणि ती शिवणीत आकसते.

सामानाविषयी फार लिहावे असे मला वाटत नाही. सरळ टीप व्यवस्थित मारणारे कोणतेही यंत्र पुरेसे आहे. मध्यम जाडीचे, साधे विणलेले, शंभर टक्के सुती कापड घ्या. ताणले जाणारे किंवा निसरडे कापड पहिल्या वर्षी दूर ठेवा. सुई ८०/१२ क्रमांकाची, धागा ५० क्रमांकाचा सुती. धाग्यात क्रमांक वाढतो तसा धागा बारीक होतो, हे लक्षात ठेवा. कापण्यासाठी ४५ मिलिमीटरच्या फिरत्या गोल पात्याचा रोटरी कटर, त्याची खास मॅट आणि सहा बाय २४ इंचांची पारदर्शक पट्टी या तीन वस्तू मात्र एकत्रच घ्याव्यात. जपानमधील ओल्फा कंपनीने रोटरी कटर १९७९ साली बाजारात आणला आणि त्याने क्विल्टिंगची गती बदलून टाकली, कारण कात्रीने एकेक तुकडा कापण्याऐवजी अनेक थरांतून एकाच वेळी सरळ पट्टी काढता येऊ लागली. पाते वस्तऱ्यासारखे असते. प्रत्येक कापानंतर, दोन क्षणांसाठी खाली ठेवायचे असले तरी, ते बंद करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा, आणि पट्टीवरच्या हाताची बोटे पट्टीच्या कडेबाहेर कधीही येऊ देऊ नका.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळते, कारण त्यात तुमचा संकोच मला दिसतो. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात अर्नेस्ट हेट नावाचे एक शेतकरी होते. त्यांचे शिक्षण कृषी अभियांत्रिकीचे होते. १९३४ साली त्यांनी पत्नीच्या क्विल्टमधले कोपरे जुळत नसल्याची टीका केली आणि पत्नीने त्यांना स्वतः करून दाखवण्याचे आव्हान दिले. त्यांनी ते स्वीकारले आणि पुढच्या काळात ३०० हून अधिक क्विल्ट बनवले. हाताने क्विल्टिंग करण्याचा वेग त्यांच्या शिवण्याला पुरेना, तेव्हा ते घरच्या साध्या शिवणयंत्रावर क्विल्टिंग करण्याच्या पद्धतींकडे वळले आणि १९७४ साली त्यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. यंत्रावर आज आपण सहज करतो त्या कामाच्या सुरुवातीच्या मार्गदर्शकांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. इलिनॉय राज्यातील ऑटावा गावचे अल्बर्ट स्मॉल हे सुरुंगाच्या दारूचे काम करणारे कामगार होते. त्यांनी बारीक षटकोन जोडून केलेल्या एका क्विल्टमध्ये १,२३,२०० तुकडे आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्यातील शिपायांनी आणि शिंप्यांनी गणवेशांच्या जाड लोकरी कापडाचे तुकडे जोडून केलेली भौमितिक क्विल्ट्स संग्रहालयांत जपलेली आहेत. अमेरिकन क्विल्ट-कलाकार मायकल जेम्स यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते आणि सत्तरच्या दशकात ते क्विल्टकडे वळले ते कायमचेच. तेव्हा जाड बोटे आणि उशिराचे वय यांची काळजी सोडा. वर्गात अवश्य जा, आणि तेथे सर्वांत जुन्या, सर्वांत कमी बोलणाऱ्या बाईंच्या शेजारची जागा मिळाली तर ती घ्या. कापड हातात कसे धरावे हे लिहून सांगता येत नाही. ते शेजारी बसूनच दिसते.

त्याच वेळी एक इशाराही देते. मोजमापाची सवय असलेले विद्यार्थी कोपरे जुळू लागले की तेथेच रमतात आणि क्विल्टला कोड्यासारखे सोडवू पाहतात. त्यांना मी अलाबामा राज्यातील जीज बेंड येथील स्त्रियांच्या क्विल्ट्सची छायाचित्रे पाहायला सांगते. झिजलेल्या कामाच्या कपड्यांपासून बनवलेल्या त्या क्विल्ट्समध्ये पट्ट्या वाकतात, चौकोन कलतात, आणि तरीही रंग व आकार यांचा तोल असा साधलेला असतो की नजर हलत नाही. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले आणि नंतर ते इतर संग्रहालयांतही गेले. त्या स्त्रियांना कापड पुरते कळलेले होते. काटेकोरपणा शिका, पण रंग निवडताना पट्टी बाजूला ठेवा. तुकडे जमिनीवर मांडा, दूर जाऊन पाहा आणि डोळे किलकिले करून गडद-फिकटाची मांडणी तपासा.

वरचा थर तयार झाला की खरे क्विल्टिंग सुरू होते, कारण तीन थर एकत्र शिवले जाईपर्यंत त्याला क्विल्ट म्हणता येत नाही. अस्तर आणि मधले बॅटिंग, म्हणजे भरणाचा थर, वरच्या थरापेक्षा प्रत्येक बाजूला तीन ते चार इंच मोठे घ्या. अस्तर उलट बाजू वर करून जमिनीवर अंथरा आणि कडा चिकटपट्टीने घट्ट करा. सपाट झाले पाहिजे, ताणले जाता कामा नये, नाहीतर सोडल्यावर ते आकसून वरचा थर गोळा करते. त्यावर बॅटिंग, त्यावर वरचा थर, आणि मग मधल्या बिंदूपासून बाहेरच्या दिशेने सेफ्टी पिना. बंद मूठ कोठेही ठेवली तर ती एखाद्या पिनेला टेकली पाहिजे, इतक्या त्या जवळ असाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात कसूर करू नये. अस्तराला पडणाऱ्या बहुतेक चुण्यांचे मूळ येथेच असते.

हात की यंत्र, याचे माझे उत्तर असे की पहिला क्विल्ट यंत्रावर पूर्ण करा आणि त्याच वेळी एक लहानसा, उशीच्या अभ्र्याएवढा तुकडा हाताने करायला घ्या. यंत्रासाठी वॉकिंग फूट घ्या. त्याला वरच्या बाजूनेही दाते असतात, त्यामुळे तिन्ही थर सारख्या गतीने पुढे जातात आणि मघाशी सांगितलेले घसरणे बरेचसे थांबते. शिवणींपासून पाव इंच अंतर ठेवून सरळ रेषा मारा, टाका तीन मिलिमीटरचा, आणि सुरुवात मधूनच. बॅटिंगच्या वेष्टनावर दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेले असते. ते ओलांडले तर धुण्यात भरण सरकते किंवा तुटते.

हाताच्या कामात सुई आखूड असते, तिला बिटवीन म्हणतात, आणि क्रमांक जितका मोठा तितकी सुई लहान. तुम्ही आठ क्रमांकापासून सुरुवात करा. मधल्या बोटात अंगुस्तान घालून त्याने सुईच्या नाक्याला आधार द्यायचा, दुसऱ्या हाताचे बोट खालून टोक येते का ते पाहते, आणि सुई झुलवत एका वेळी तीन-चार टाके तिच्यावर घ्यायचे. हात मुरलेली माणसे एका इंचात आठ-दहा टाके घेतात. तुमचे पाच-सहा आले तरी पुष्कळ आहेत. टाके सारखे असावेत, लहान होणे पुढे आपोआप घडते. धागा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, आणि गाठ वरच्या थरातून हलक्या झटक्याने आत ओढून बॅटिंगमध्ये दडवा. जाड बोटांना आखूड सुई पहिले काही दिवस सापडत नाही. अंगुस्तानाची सवय झाली की सुई बोटांनी धरण्याची गरजच कमी होते.

गोटासाठी अडीच इंचांच्या पट्ट्या कापून लांबीत दुमडा आणि दुहेरी कडा क्विल्टच्या कडेला जुळवून शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे टीप थांबवा, पट्टी वर दुमडून मग खाली आणा, आणि पुढची बाजू कडेपासून सुरू करा. मागे वळवल्यावर कोपरा आपोआप नीट बसतो. एक गोष्ट येथे आवर्जून सांगते. पुढे कधी क्विल्टला रुंद किनारपट्टी जोडाल, तेव्हा तिची लांबी क्विल्टच्या कडेवरून न घेता मधोमध मोजून घ्या. कडा हाताळून ताणलेल्या असतात, आणि त्यांच्या मापाने कापलेली पट्टी नेहमी लाटा घेते. पहिले धुणे गार पाण्यात करा. सुती कापड आणि सुती बॅटिंग न धुता वापरले असेल, तर तीन ते पाच टक्के आकसणे स्वाभाविक आहे, म्हणजे तुमचा ३६ इंचांचा क्विल्ट एक ते पावणेदोन इंचांनी लहान होईल आणि टिपांभोवती बारीक सुरकुत्या येतील. त्या हव्या असतात. गडद लाल किंवा निळे कापड वापरणार असाल, तर ते मात्र कापण्यापूर्वीच वेगळे धुऊन रंग सुटतो का ते पाहावे.

दुसऱ्या क्विल्टसाठी त्रिकोण घ्या, कारण उरेबाची खरी ओळख तेथे होते. दोन त्रिकोण जोडून तीन इंचांचा तयार चौकोन हवा असेल, तर मूळ चौकोन तीन इंच सात सुतांचा कापावा लागतो. काटकोनाच्या बाजूची माया पाव इंच असते, परंतु कर्णावरच्या पाव इंच मायेमुळे टोके अधिक लांब जातात. गणित केले तर बेरीज ०.८५४ इंच येते आणि सात सूत म्हणजे ०.८७५ इंच, तेव्हा किंचित अधिक कापड हाती राहते. त्रिकोण आधी कापून मग शिवले, तर कर्णाची उरेब कड हातातच ताणली जाते. म्हणून एक फिकट आणि एक गडद चौकोन समोरासमोर ठेवा, मागील बाजूस कर्ण आखा, त्याच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारा आणि नंतरच कर्णावर कापा. टिपेने बांधलेली उरेब कड ताणली जात नाही, आणि एका जोडीतून दोन चौकोन मिळतात. इस्त्री झाल्यावर प्रत्येक चौकोन पट्टीच्या ४५ अंशांच्या रेषेवर शिवण ठेवून साडेतीन इंचांवर कातरून घ्या.